फोन का केला नाही ते

ती. आई-बाबा,
सा. न.

दहा दिवस फोन नाही म्हणून आई रडली असं दादाने कळवलं. अगं मी एकदम ठीक आहे, झोपही होते. फोन राहिला तो माझ्या वॉर्डातल्या एका बाळापायी. आणि त्या बाळाचा आजार मला लागत नाही, तो लागणाराच नाही, कितीदा सांगू.

बाळ 1100 ग्रॅमचं, दिवस भरायच्या आत झालेलं, त्यात रक्तात इन्फेक्शन. चौथ्या दिवशी पुसताना मांडी हाताला कडक लागली, मेणासारखी थंड, कातडी चिमटीतच येईना. दोन दिवसांत पोटऱ्या, पाठ सगळं तसंच. स्क्लेरेमा म्हणतात याला, क्वचितच होतो आणि झाला की बरीच बाळं जातात. फक्त तळहात-तळपाय मऊ राहतात, मी तिथेच बोट ठेवून बसायचे. कातडीला चोळायचं औषध नसतंच गं, मूळ इन्फेक्शनला अँटिबायोटिक, हळूहळू ऊब, श्वासाला व्हेंटिलेटर. शेवटी रक्त बदललं.

इथे एक विचित्र पद्धत आहे, एकाने बोललं की दुसऱ्याने तेच परत बोलायचं. डॉक्टर म्हणाले "पाच काढलं" की मी लिहिताना मोठ्याने "पाच काढलं", मग "पाच दिलं", परत "पाच दिलं". आधी वाटायचं यांना ऐकू येत नाही की काय! पण 5 मिली काढायचं, 5 मिली द्यायचं, असं करत बाळाच्या अंगातल्या रक्ताच्या दुप्पट, दोन तास, मध्ये एक आकडा चुकला तर एवढ्याशा जिवाला ते झेपणार नाही म्हणून हे, आता मला पटलंय. काल मांडीची कातडी जराशी चिमटीत आली. धोका टळला असं अजून कोणी म्हणत नाही.

वहिनीला म्हणावं नेटवर वाचत बसू नको. पूर्ण दिवसांच्या बाळाला कधीकधी पाठीवर, दंडावर कडक गाठी येतात तो प्रकार वेगळा, त्या बहुतेक आपोआप जिरतात, फक्त कॅल्शियम काही महिने तपासत राहायचं.

बाबा, पैसे पाठवलेत, आधी वहिनीच्या दवाखान्याला, उरले तर हप्त्याला. त्या स्थळाला उगीच थांबवून ठेवू नका, माझं या वर्षी तरी काही नाही.

आणि आई, बाळंतपणाला यायला रजा मिळाली नाही असं म्हणाले ना मी, ती मी मागितलीच नाही. वहिनीला इतक्यात सांगू नकोस.

तुझी,
ताई