मालिकेतला चाचा आणि यावलचे तडवी

तीर्थरूप आई आणि नाना,
सा. न. वि. वि.

आई, मालिकेतला तो मुसलमान चाचा एवढा गुणी दाखवलाय, मग तुझी तक्रार काय, असं तू फोनवर विचारलंस. नीट सांगायला पत्रच बरं.

गुणी असण्याला हरकत नाही. पण त्याला स्वतःचं काही कामच नाही. नायिकेला दुवा द्यायची, वेळ आली की तिच्यासाठी गोळी खायची, नाहीतर पुढच्या ईदपर्यंत गायब. त्याचा धंदा चालतो का, पोराला नोकरी लागली का, कोणी विचारत नाही. दूरदर्शनवर १९८६ साली 'नुक्कड' लागायचं, त्यातला कादरभाई आठवा. आधी हॉटेलवाला, मग मुसलमान.

नाना, यामागं घाई आहे. अर्ध्या तासात गोष्टीला साधारण २२ मिनिटं, आणि बघणारी बाई पोळ्या लाटत कानानं मालिका बघते. म्हणून पात्र शिरताच ओळखू यावं लागतं: डोळ्यांत सुरमा, गळ्यात चौकड्याचा रुमाल, तोंडी 'जनाब'. रावेरच्या केळीबाजारात कोण कोणाला जनाब म्हणतं? आणि आपल्या यावलकडचे तडवी धर्मानं मुसलमान, सरकारी यादीत अनुसूचित जमात. त्यांच्यासाठी कपडेपटात गठ्ठाच बांधलेला नाही, म्हणून ते पडद्यावर येतच नाहीत.

आदिवासींचं उलटं. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे, अंगावर ठिपके, हा अक्कलकुव्याकडच्या काठी गावच्या होळीत नवस फेडणाऱ्याचा वेश. तोही ठरावीक दिवस, नेम पाळून. मालिकेवाले तो पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला चढवतात. आणि आपली अहिराणी मोलकरणीच्या वाट्याला, तीसुद्धा 'आहे'ला एका वाक्यात अहिराणी 'शे' अन् पुढच्यात भलत्याच बोलीतलं 'हाय'.

बदल होतोय, नाही असं नाही. 'मेड इन हेवन' या वेबमालिकेच्या २०२३ च्या भागात दलित मुलगी बौद्ध पद्धतीनं लग्न करते, तेही स्वतः हट्ट धरून. हट्ट तिचा आहे, हे महत्त्वाचं.

आठवडाभर वहीत तीनच गोष्टी टिपा: पात्राला आडनाव आहे का, त्याचं घर दिसतं का, नायक-नायिका नसताना ते कोणाशी बोलतं का. तिन्हींना 'नाही' आलं, तर ते शोभेचं समजा.

कुठल्या समाजाबद्दल उघड तुच्छतेचं काही दिसलं तर चॅनेलकडे लेखी तक्रार करता येते. मालिकेचं नाव, तारीख, वेळ, नेमका संवाद लिहा. नुसतं 'भावना दुखावल्या' लिहिलं तर कोणी हलत नाही. २०२१ च्या केबल नियमांप्रमाणे चॅनेलला १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत चॅनेलवाल्यांच्याच स्वनियमन मंडळाकडे अपील. गुणी चाचासाठी मात्र हा अर्ज चालणार नाही. तुच्छता नियमात बसते, रिकामं पात्र बसत नाही.

आई, टिपणं केळीच्या हिशेबाच्या वहीत करू नको, नाना शोधत बसतील.

तुमचा,
लहानू