नवी गाणी किती, जुनी किती

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

रॉक स्टेशनची प्लेलिस्ट आता तुझ्या हाती आली, फार आनंद झाला. जुन्या-नव्याचं प्रमाण किती ठेवू, असं विचारलंस. टक्केवारीच्या मागे लागू नकोस. एक गाणं किती तासांनी परत लागतं, ते आधी बघ.

जाहिराती आणि निवेदन वगळता तासाला साधारण ११ गाणी बसतात. क्लॉक, म्हणजे तासाभराच्या गाण्यांचा आराखडा, असा मांड : सध्या सगळ्यात जास्त वाजवायची म्हणजे पॉवर करंट २, नुकतंच आलेलं म्हणजे नवखं करंट १, नुकतीच गाजून गेलेली म्हणजे रिकरंट २ आणि जुनी गाजलेली म्हणजे गोल्ड ६.

पॉवरमध्ये ६ गाणी ठेवलीस तर प्रत्येक गाणं बरोबर ३ तासांनी येईल. २४ ला ३ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे रोज सकाळी आठला तेच गाणं! रोज त्याच वेळी गाडीत रेडिओ लावणारा वैतागणारच. ७ ठेव. फेरी साडेतीन तासांची होते आणि आठवडाभरात प्रत्येक गाणं प्रत्येक वेळेला येऊन जातं. गोल्डचंही तसंच : ४३२ गाणी ठेवलीस तर बरोबर तीन दिवसांनी त्याच तासाला परत, ४५० ठेवलीस तर फेरी तीन तासांनी पुढे सरकते.

नवख्यांत मात्र हात आखडता घे. ११ गाण्यांना आठवड्याला प्रत्येकी पंधराएक वेळा मिळतात. उत्साहाच्या भरात २५ भरलीस की दिवसाला एकदाही धड नाही. श्रोता रेडिओ थोडाच वेळ ऐकतो; त्याच्या कानावर ते गाणं पडतच नाही. मग श्रोत्यांच्या चाचणीत ‘ओळखीचं नाही’ असा शेरा येतो आणि स्टेशनवाले म्हणतात, लोकांना नवं नको. माझ्या मते नव्या रॉकचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. थोडी घे, पण ती मनापासून वाजव.

नवखं गाणं दोन पक्क्या गोल्डच्या मध्ये घाल. जाहिरातींनंतर लगेच कधीच नको, तिथे ओळखीचा रिफ, म्हणजे गिटारची ठरलेली धून, हवा. शेजारी निदान एक गाणं नव्वदच्या दशकातलं असू दे. सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डिंगचा आवाज आजच्यापेक्षा दबका असतो, त्यामुळे फाइल चढवतानाच पातळी जुळवून घे. जुनी गाणी हळूहळू विरत संपतात. पुढचं गाणं सुरू होण्याची खूण थोडी अलीकडे लावली नाहीस तर मध्ये पोकळी पडते.

रॉकची एक खास अडचण आहे. मेटॅलिका या बँडचं १९९१ चं गाणं गोल्डमध्ये असतं आणि २०२३ चं नव्यांत, म्हणून एकाच कलाकाराच्या दोन गाण्यांमधलं अंतर सगळ्या गटांना मिळून लाव. साउंडगार्डन आणि ऑडिओस्लेव्ह, दोन्ही बँडमध्ये गळा ख्रिस कॉर्नेलचाच. सांगितल्याशिवाय गाणी लावणाऱ्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही. पण अंतर फार ताणलंस तर लॉगमध्ये, म्हणजे तासातासाच्या गाण्यांच्या यादीत, रिकाम्या जागा राहतात, त्या हाताने भराव्या लागतात.

चाचणीत गाण्याचा ७ ते १० सेकंदांचा ओळखीचा तुकडा ऐकवून तीन गोष्टी विचार : ओळखता का, आवडतं का, कंटाळा आलाय का. आवडतं पण कंटाळा आलाय, अशा गोल्डला काढून टाकू नकोस, काही महिने विश्रांती दे. स्टुडिओतल्यांच्या कंटाळ्यावर मात्र नवं गाणं कधीच काढू नकोस. ती मंडळी दिवसभर ऐकतात, श्रोत्याला ते जेमतेम आवडायला लागलेलं असतं.

पहिल्या आठवड्याचा लॉग झाला की एकेक तास सातही दिवस आडवा वाचून बघ आणि मलाही पाठव.

तुझा,
अनिल