कयाकवरची बॅटरी आणि दुर्लक्षित जोडणी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातल्या खाड्यांत जिताडा, तांबोशी यांच्यासाठी गळ टाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या कयाक (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, लहान होड्या) आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. त्यांच्यावर पाण्याची खोली आणि मासे दाखवणारा फिशफाइंडर, जीपीएस, रात्रीचा दिवा ही साधनेही दिसू लागली आहेत. ही साधने लोक चौकशी करून, पारखून घेतात. मात्र त्यांना वीज पुरवणारी बॅटरी आणि तिची जोडणी यांबाबत जी हयगय होते, ती जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सर्रास दिसणारा प्रकार असा, की यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची (म्हणजे एक अँपिअर प्रवाह सुमारे सात तास देऊ शकणारी) लेड-ॲसिड बॅटरी एखाद्या डब्यात ठेवायची, घरगुती वायरची टोके पिळून जोडायची आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची. या बॅटरीचे वजन दोन किलोच्या वर जाते, आणि ती टिकावी असे वाटत असेल तर तिच्यातली साधारण निम्मीच वीज वापरता येते. पाच इंची पडद्याचा फिशफाइंडर अर्ध्या ते एक अँपिअरच्या दरम्यान वीज घेतो, हे लक्षात घेतले तर सकाळ संपायच्या आतच ती थकणार हे उघड आहे. त्याऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटची १० अँपिअर-तासांची बॅटरी वजनाने जवळजवळ निम्मी असते आणि दिवसभर पुरते. तिला चार्जर मात्र तिचाच लागतो. घरात पडलेला जुना लेड-ॲसिडचा चार्जर लावू नये. शिवाय तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टमीटरवर विसंबून किती वीज उरली याचा अंदाज बांधता येत नाही.

खरा धोका बॅटरीपेक्षा जोडणीत आहे. खारे पाणी वायरच्या उघड्या टोकातून आवरणाखाली तारांच्या मधून आत चढत जाते आणि साधे तांबे हिरवे-काळे पडून भुसभुशीत होते. बाहेरून वायर धडधाकट दिसते, पण आत विजेला होणारा रोध वाढलेला असतो, आणि पडदा मध्येच विझून पुन्हा सुरू होऊ लागला की लोक दोष यंत्राला देतात. यावर उपाय महाग नाही. कल्हई केलेल्या तांब्याची वायर, दाबून बसवलेली टोके आणि त्यांवर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी, एवढ्यावर हे काम भागते. त्याहून मोठी चूक म्हणजे फ्यूज न बसवणे. बॅटरीची दोन टोके कुठे एकमेकांना चिकटली तर पातळ वायर लाल होईपर्यंत तापेल इतका प्रवाह क्षणात वाहतो, आणि कयाकचा सांगाडा पॉलिएथिलीनचा, म्हणजे वितळणारा आणि जळणारा असतो. म्हणून यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज (लहान फिशफाइंडरसाठी तो बहुधा ३ अँपिअरचा असतो) धन वायरवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असलाच पाहिजे. यंत्राजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरचे रक्षण करीत नाही.

बॅटरीचा डबा खाली, मधल्या रेषेवर, आसनाच्या मागे किंवा पुढे पट्ट्याने आवळून ठेवावा. कयाक उलटली असता आत सुटा फिरणारा डबा ती पुन्हा सरळ करणे अवघड करतो. वायर आत नेण्यासाठी भोक पाडायचेच असेल तर ते पाण्याच्या पातळीच्या बरेच वर पाडून त्यात वायरभोवती घट्ट आवळून पाणी अडवणारी रबरी जोडणी (केबल ग्लँड) बसवावी, कारण पॉलिएथिलीनवर गोंद नीट धरत नाही आणि निव्वळ गोंदाने बुजवलेले भोक आज ना उद्या सुटते. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो. तेव्हा ती बंद डब्यात ठेवून चार्ज करू नये.

आणखी एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, वल्ह्यावर चालणाऱ्या बोटीने ठरलेले दिवे लावले नसतील, तर पांढऱ्या उजेडाची विजेरी हाताशी तयार ठेवून ती टक्कर टळेल इतक्या वेळेत दाखवली पाहिजे. ही विजेरी आणि मोबाइल फिशफाइंडरच्या बॅटरीवर अवलंबून नसावेत. तटरक्षक दलाचा १५५४ हा आपत्कालीन क्रमांक पाठ असून उपयोग नाही, जर तो फिरवायच्या वेळी फोनच मेलेला असेल.

३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर (नौकेचा किनाऱ्याशी संपर्क ठेवणारी यंत्रे) बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. ही योजना यांत्रिक आणि मोटार बसवलेल्या नौकांसाठी आहे. वल्ह्यावर चालणारी होडी आणि कयाक तिच्या बाहेर राहतात, म्हणजे ज्यांच्याकडे इंजिनही नाही आणि कायमची वीजही नाही, त्यांनी आपली सोय आपणच करायची. मग ती सोय निदान नीट कशी करावी हे त्यांना कोणीतरी शिकवायला हवे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांत जाळी आणि इंजिनांबरोबर लहान होडीवरच्या वीजजोडणीचे एक-दोन दिवसांचे प्रात्यक्षिक ठेवता येईल. रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि किनारी तालुक्यांतल्या आयटीआय यांनी मनावर घेतले तर मराठीतून सचित्र पुस्तिका काढणेही कठीण नाही. कयाक विकणाऱ्या दुकानदारांनी फिशफाइंडरच्या सोबत फ्यूज आणि योग्य वायर दिल्याशिवाय तो विकू नये, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे हे गिऱ्हाइकाला सांगावे, म्हणजे त्या कांदळवनात फेकल्या जाणार नाहीत. पावसाळ्यात कयाक घरी असतात आणि जोडणी उघडून पाहायला सवड असते, तेव्हा अशा प्रशिक्षणाचा पहिला वर्ग येत्या पावसाळ्यातच घ्यावा, अशी विभागाला विनंती आहे.

आपला विश्वासू,
खाडीत कयाकवरून मासेमारी करणारा एक वाचक, रत्नागिरी