मनूला, रेसिपी आणि थोडं बाकीचं

प्रिय मनू,

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस की ड्यूटीवरून येताना सिग्नलला डोळा लागला आणि मागच्याने हॉर्न मारला तेव्हा जाग आली, आणि मी काही बोलायच्या आत म्हणालीस, बाबा शनिवारी आमच्या इंटर्न लोकांचं पॉटलक आहे, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचाय, पीच कॉबलरची रेसिपी पाठवा. आईने बजावलंय की फक्त रेसिपी लिहा. तर फक्त रेसिपी, फळं आणि पीठ एकत्र भाजायच्या आपल्या त्या गोडाची.

ओव्हन ३५० फॅरनहाइटवर. १ स्टिक (अर्धा कप) बटर काचेच्या डिशमध्ये टाकून डिशच ओव्हनमध्ये ठेव, वितळेल. तोवर १ कप सेल्फ-रायझिंग फ्लोअर, १ कप साखर, १ कप दूध एकत्र कर. साधा मैदा असला तर दीड टीस्पून बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. हे पातळ पीठ बटरवर ओतायचं आणि ढवळायचं नाही. वरून पीच, तेही ढवळायचे नाहीत. पीठ खालून फुगून आपोआप फळाच्या वर येतं, सगळी गंमत तीच आहे आणि तुझा हात शिवशिवणार हे मला माहितीय. ५० मिनिटं. कडा चांगल्या तांबूस झाल्या पाहिजेत, खाली एक ट्रे ठेव, रस उतू जातो.

आणि ही ५० मिनिटं कॉलवरून, म्हणजे त्या रात्रभराच्या ड्यूटीवरून, आल्यावरची नकोत. टायमर लावते म्हणशील. २४ तास ड्यूटी आणि वर ४ तास हँडओव्हर, एवढं जागलेल्या माणसाला टायमर ऐकू येतो का? तुम्हा रेसिडेंट डॉक्टरांच्या ड्यूटीचे नियम मी वाचलेत सगळे, आठवड्याला ८० तास, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. २०११ ला इंटर्नना १६ तासांच्या वर ठेवायचं नाही असा नियम केला होता आणि २०१७ ला परत २४ वर नेला, कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. पण त्याच नियमांत हेही आहे की रेसिडेंट गाडी चालवायच्या अवस्थेत नसेल तर घरी जायची सुरक्षित सोय हॉस्पिटलने करायची. मग ती माग ना! लाज कसली त्यात? खंडाळ्याचा विषय आपण घरात काढत नाही, मीही काढत नाहीये.

बरं, सॉरी. पीच.

आत्ता जुलैत मिळतात ते फ्रीस्टोन, मधून चिरून पिरगाळले की बी सुटी होते. मे महिन्यातले बीला चिकटून बसतात, ते नुसते खायला बरे. बुडाला फुलीसारखी चीर दे, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, साल बोटाने निघतं. मग फोडी, अर्धा कप साखर, थोडं लिंबू, पाच मिनिटं गॅसवर रस सुटेपर्यंत. जायफळ किसून घाल, दालचिनी नको. समोरच्या आजी दालचिनी घालायच्या, जायफळ आपल्या घरचं. त्या आजींनीच मला हे शिकवलं, आपण इथे जॉर्जियात, मेकनमध्ये नवीन होतो, तू त्यांच्या पोर्चवर फ्रॉकवर रस सांडत बसायचीस, आणि आई खिडकीतून ओरडायची की जेवणाआधी गोड नको. फोर्ट व्हॅलीच्या पीच फेस्टिव्हलमधला तो ११ फूट बाय ५ फुटांचा कॉबलर बघून तू विचारलं होतंस की यात कोणी पडलं तर? तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही पोरगी डॉक्टर होणार.

हापूसच्या डब्याचा कॉबलर करायचा आईचा हट्ट मात्र ऐकू नकोस. आमरसाला आंबटपणा नाही, खाली सगळा गोड शिरा होतो. त्यापेक्षा ब्लॅकबेरी घाल.

२०२३ आठवतंय? तू स्टेप वन, ती डॉक्टरकीच्या लायसन्सची पहिली परीक्षा, देऊन घरी आलीस आणि आख्ख्या जॉर्जियात पीच नव्हते, नव्वद टक्क्यांवर पीक गेलेलं. हिवाळ्यात थंडीच पडली नाही, झाडं लवकर फुलली आणि मार्चमध्ये हिमाने मोहोर मारला. या झाडांना थंडीत नीट झोप लागते, मगच फळ धरतं. तू म्हणशील आले बाबा परत तिथेच. आलो. काय करू?

मॅच डेला, कुठल्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी मिळाली ते कळतं त्या दिवशी, तू पाकीट उघडलंस तो व्हिडिओ मी मंडळाच्या पिकनिकला सगळ्यांना दाखवला, ज्यांनी बघितला होता त्यांनाही. तुला तिकडे पाठवलं याचा अभिमान आहेच, कोणी विचारलं की छातीही फुगते, फक्त रात्री दोन वाजता तू कुठल्या रस्त्यावर असशील हे डोक्यातून जात नाही. आई झोपल्याचं नाटक करते, तिचाही फोन उशाशी असतो.

गुरुवारी पीचची पेटी येईल. लगेच फ्रिजमध्ये कोंबू नकोस, कागदावर सुटे पसर, देठाजवळ दाबून मऊ लागले की मग फ्रिज. पेटीत आईने मेतकूटही टाकलंय. आणि पॉटलकच्या आदल्या रात्री कॉल असेल तर सरळ दुकानातून केक घेऊन जा, टॅक्सीने, पैसे मी पाठवतो, वाद नको.

तुझा,
बाबा