संगणकांची नावे बदला, पण शनिवारी

संपादक महोदय,

आमच्या तालुक्यातील एका कार्यालयात मध्यंतरी सगळ्या संगणकांची नावे एका रात्रीत बदलली गेली. ठेकेदाराच्या माणसाने मुंबईत बसूनच हे काम उरकले. सकाळी निम्म्या कर्मचाऱ्यांना लॉगिन होईना. खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ची पाटी लागली आणि उताऱ्यासाठी पहिल्या एसटीने आलेली माणसे हात हलवत परत गेली. मी कुडाळचा, संगणक दुरुस्ती हा माझा व्यवसाय. नंतर मलाच बोलावणे आले, म्हणून लिहितो. सर्व्हर ठणठणीत होता.

कोणत्या कर्मचाऱ्याने कोणत्या संगणकावर बसायचे, याची यादी तिथे सर्व्हरवर भरलेली होती. ती संगणकाच्या नावाने चालते. नावे बदलली, यादी जुनीच राहिली. मग पासवर्ड बरोबर असला तरी ‘या संगणकावर तुम्हाला परवानगी नाही’ असा संदेश येतो, तोही इंग्रजीत. समोर रांग असताना तो कोण वाचत बसणार? आवक-जावक पाहणाऱ्या बाईंना वाटले, आपलाच पासवर्ड चुकतोय. आठवतील ते सगळे घालून पाहिले आणि खाते लॉक झाले. वर साहेबांची बोलणीही त्यांनीच खाल्ली. त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो.

एका टेबलावर संगणक आणि डोमेन (कार्यालयातले सगळे संगणक व खाती सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) यांच्यातला विश्वासाचा दुवाच तुटला होता. त्या यंत्राच्या स्वतःच्या, सगळे अधिकार असलेल्या अॅडमिनिस्ट्रेटर खात्याने आत शिरले की तो काही मिनिटांत जोडता येतो. पण तो पासवर्ड फक्त ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार दुपारपर्यंत फोन उचलेना.

लेखा शाखेतल्या जुन्या यंत्राचा नावाशी संबंधच नव्हता. आपल्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते. आतला नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला असला की वीज गेल्यावर घड्याळ मागे पडते. तशीच वीज गेली आणि या यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे गेली. सर्व्हरच्या वेळेशी पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ओळख नाकारली जाऊ शकते. किरकोळ किमतीचा सेल बदलला, वेळ लावली, काम सुरू झाले. प्रिंटर मात्र संध्याकाळपर्यंत अडले, कारण ते ज्या संगणकांना जोडलेले होते त्यांना बाकीची यंत्रे जुन्याच नावाने शोधत होती.

नावे बदलायला माझा विरोध नाही. ‘पीसी-१’, ‘न्यू-पीसी’ असल्या नावांनी आम्हालाही ताप होतो. पण नवे नाव १५ अक्षरांत बसवा. विंडोज प्रत्येक यंत्राचे जुन्या पद्धतीचे एक छोटे नावही ठेवते; त्यात पुढची अक्षरे तुटतात आणि लांबलचक नावांची दोन यंत्रे एकसारखी दिसू लागतात. आधी एकच यंत्र बदलून त्यावर दिवसभर काम करून पाहा. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा उरलेली यंत्रे शनिवारी, माणूस जागेवर हजर असताना बदला. अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बंद पाकिटात कार्यालयप्रमुखांच्या कपाटात असलाच पाहिजे; ठेक्याच्या करारातच तशी अट घाला.

आणि एवढे करूनही लॉगिन अडलेच, तर अर्ज कागदावर घेऊन पोच द्या. उतारा दुसऱ्या दिवशी तयार ठेवा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीतून आलेल्या माणसाला परतीची एसटी गाठायची असते.

— एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, कुडाळ