शुक्रवारच्या बाजाराची जागा कायद्याने राखा

मा. नगरविकास मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सादर नमस्कार.

म्हापशात आमचे पिढीजात किराणा दुकान आहे. मॉल किंवा ऑनलाइन खरेदी बंद करा, असे सांगायला हे पत्र लिहीत नाही. सोय आणि भाव मिळेल तिथे गिऱ्हाईक जाणारच. माझी काळजी शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांच्या जागेची आहे.

किरकोळ व्यापाराचा इतिहास पाहिला तर दुकानाची मांडणी बदलली की स्पर्धेचे गणितही बदललेले दिसते. १८५२ नंतर पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’त आरिस्तीद बुसिको यांनी ठरलेले भाव लावले आणि काही न घेताही दुकानात हिंडण्याची मुभा दिली. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये ‘पिगली विगली’ने काउंटरमागचा माल थेट गिऱ्हाईकाच्या हाताशी आणला. १९५६ साली मिनेसोटात ‘साउथडेल’ हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचे वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन यांना तिथे शहरासारखा चौक हवा होता. पुढे तशा मॉलभोवती मोटारींचे तळ पसरले, जुन्या पेठा ओस पडल्या, आणि उतारवयात त्यांनीच या मॉलांवरून हात झटकले.

आपल्याकडे १९६० च्या सुमारास म्हापशाचा आखीव बाजार उभा राहिला. तिथे शुक्रवारी सकाळी हरमलची मिरची घेऊन बसलेल्या बाईपाशी थोडे थांबून पाहा. ती मिरची मोडून पुढे करते, गिऱ्हाईक वास घेते, मग भावाची घासाघीस. पलीकडे मयड्याची केळी. या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा सगळ्या गोव्याला अभिमान आहे. पण मॉलला बारकोड, बिल आणि बारमाही पुरवठा लागतो. परसातली मिरची टोपलीतून आणणाऱ्या बाईने तो कुठून द्यावा? तिला विकायला हाच बाजार आहे. सोपो, म्हणजे बाजारात बसण्याची पट्टी, भरूनही पुढच्या शुक्रवारी तीच जागा मिळेल, याची तिला खात्री नसते.

स्पर्धा कायदा, २००२ तोट्यात माल विकून दुसऱ्याला उठवणाऱ्याला आडवा येतो; पण त्याआधी त्याचे बाजारावर वर्चस्व सिद्ध व्हावे लागते. तोवर पेठेतली कितीतरी दुकाने बंद पडतात. फ्रान्सने १९७३ च्या रोयेर कायद्याने मोठ्या दुकानांना स्थानिक समितीची परवानगी सक्तीची केली. त्यामुळे आधीच उभ्या असलेल्या बड्या दुकानांचेच फावले, अशी टीका पुढे झाली, आणि मला ती पटते. म्हणूनच बंदी मागत नाही.

आपल्या हाती २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने जिथे जमतात, त्याला हा कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो आणि असा चालू बाजार विक्रीबंदीच्या क्षेत्रात टाकू देत नाही. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. म्हापशाचा शुक्रवार, डिचोलीचा बुधवार यांची नैसर्गिक बाजार म्हणून आराखड्यात नोंद करा. नकाशावर टोपलीवाल्यांच्या जागा आखा. बाजाराच्या नूतनीकरणाचा किंवा पार्किंगचा कोणताही प्रस्ताव आधी या बायकांसमोर ठेवा. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीची गर्दी उसळण्यापूर्वी हे व्हावे, ही विनंती.

आपला,
म्हापशातील एक दुकानदार