ठोकळ्यांचा गड एकदा खेळून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र वाचलं. आमच्या गल्ल्यांतली पोरं आता दिवाळीला माती कालवत नाहीत, घरात बसून स्क्रीनवर ठोकळे रचतात, तेव्हा पालकांनी हे खेळ बंदच करावेत, असं त्यांनी लिहिलंय. त्यांची कळकळ मला पटते. मीही बेळगावातल्या वडगावचा. लहानपणी पोती भिजवून त्यावर लाल मातीचा चिखल थापलाय, अळीव पेरून तटाखाली हिरवळ उगवलीय, आणि अजूनही दिवाळीत रात्री शहापूरपासून अनगोळपर्यंत किल्ले बघत चालत फिरतो. तरीही ‘बंदच करावेत’ हे मला मान्य नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

मी चौतीस वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यासाठी, पॅटर्न केले. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: बिडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी उरते, तिच्यात रस ओततात. बीड गार होताना आकसतं, म्हणून मीटरमागं साधारण दहा मिलीमीटर जास्त धरायचे. आणि नमुना वाळूतून अलगद वर निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा, त्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. ड्राफ्ट विसरलात की नमुना वर येताना वाळूची कड घेऊन येतो, साचा गेलाच म्हणून समजा. हे सगळं इथं का, ते पुढं येईल.

आमचा नातू आठवीत आहे. माइनक्राफ्ट खेळतो. स्वीडनमध्ये जन्मलेला हा खेळ २००९ मध्ये लोकांपुढं आला. त्यातलं सगळं जग घनाकृती ठोकळ्यांचं, एक ठोकळा एक मीटरचा. पहिल्या वर्षी तो नुसता खेळायचा, तेव्हा मीसुद्धा ओरडायचो. पण गेल्या वर्षीपासून तो खेळत कमी आणि करत जास्त बसतो. दुसऱ्यानं खेळावं म्हणून आपण गोष्ट रचायची, वाट आखायची, कोडी घालायची, दारं बसवायची. त्याला ही पोरं अ‍ॅडव्हेंचर मॅप म्हणतात. त्या पत्रलेखकांनी हा फरक बघितलेला नाही. सिनेमा बघणं आणि नाटक बसवणं यात जितका फरक, तितकाच इथंही आहे.

त्यानं निवडला आपला बेळगावचा भुईकोट. गोष्ट साधी: रात्रीची वेळ, तुम्ही जासूद, हातात लखोटा, आणि खंदक ओलांडून तो किल्ल्यातल्या कमल बसदीपर्यंत, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरापर्यंत, पोचवायचा. कुणाला मारायचं नाही. मी विचारलं, लढाई का नाही रे? तर म्हणाला, “लढाई सगळ्यांच्या मॅपमध्ये असते की, आज्जा.”

पहिल्यांदा खेळायला समोरच्या घरातला त्याचा दोस्त आला. कानडी घरातलं पोरगं, हुशार. त्यानं कुदळ काढली, तटाखालून सरळ बोगदा मारला आणि दोन मिनिटांत लखोटा बसदीत. पंधरा दिवसांचं काम दोन मिनिटांत संपलं! नातवाचं तोंड एवढंसं झालं. मग त्याला कळलं की यासाठी त्या खेळात वेगळी सोय आहे, अ‍ॅडव्हेंचर मोड. त्यात खेळणाऱ्याला भिंती फोडता येत नाहीत, ठोकळे लावता येत नाहीत, फक्त दारं, खटके, तरफा चालतात. ही सोय २०१२ मध्ये आली. त्याआधी मॅप करणारे ‘कृपया भिंत फोडू नये’ अशी पाटी लावून खेळणाऱ्याच्या भरवशावर सोडायचे. त्याच वर्षी कमांड ब्लॉक नावाचा ठोकळाही आला. त्याच्या पोटात हुकूम लिहून ठेवायचा, आणि खेळणाऱ्याचा पाय ठराविक फरशीवर पडला की तो हुकूम बजावला जातो: दार बंद कर, रात्र कर, पडद्यावर ओळ दाखव, मेलास तर परत इथंच उभा राहा.

पाय पडला ही बातमी त्या ठोकळ्यापर्यंत न्यायला रेडस्टोनची लाल धूळ जमिनीवर तारेसारखी टाकतात. ती पंधरा ठोकळ्यांपर्यंतच चालते, बातमी त्यापुढं ढकलायला रिपीटर नावाचा ठोकळा लागतो. दरवाजा ढकलणारा पिस्टन एका वेळी बाराच ठोकळे ढकलतो. आमच्या दरवाजात लागले होते तेरा. अर्धा दिवस दार हललं नाही. मी शेजारी बसून होतो, मला काही कळत नव्हतं, पण त्यानं ठोकळे मोजायला सुरुवात केली तेव्हा मी ओळखलं की हा आता सापडवणार. बारा-तेराचा हिशेब लागला तसा तो खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात आजीला सांगायला पळाला.

मग माझं काम निघालं. खंदकाच्या आतल्या बाजूला त्यानं एक फसवी फरशी केली होती, वाळूची. त्या खेळात बाकी बहुतेक ठोकळे आधार काढला तरी हवेत राहतात, वाळू मात्र खाली पडते. (आयुष्यभर वाळूत काम केलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल!) पाय पडला की खालचा आधार सरकायचा, वाळू कोसळायची आणि खेळणारा तळघरात. मी पडलो. तळघरात चारी बाजूंनी उभ्या भिंती. दिवा होता, पण वर यायला काही नाही. मी म्हटलं, आता? तो म्हणाला, आता परत पहिल्यापासून सुरू करायचं. मी त्याला म्हटलं, बाळा, हा ड्राफ्ट नसलेला पॅटर्न झाला. आत घालतोस तर बाहेर कसं काढायचं हे आधी ठरव, मग घाल. खड्डा कितीही अवघड असू दे, वर यायची एक वाट हवीच, शोधायला वेळ लागला तरी. त्यानं माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तळघराच्या काळोख्या कोपऱ्यात वेलींची एक रांग दिसली. वेलींना धरून वर चढता येतं. चौतीस वर्षांत मी बरेच शिकाऊ हाताखाली बघितले. एका वाक्यात ड्राफ्ट समजलेला हा पहिलाच.

कमल बसदीचा प्रसंग तर लिहायलाच हवा. ही बसदी १२०४ सालातली, रट्ट राजांच्या काळातली, आणि तिच्या छताला दगडात कोरलेलं कमळ आहे, बहात्तर पाकळ्यांचं. नातवाला ते कमळ छतालाच हवं होतं, बहात्तरच पाकळ्यांचं, आणि हातात काय तर चौकोनी ठोकळे. रडकुंडीला आला. मी माझे जुने आलेखाचे कागद काढले. वर्तुळ चौकटीत कसं बसवतात ते त्याला छोट्यावर दाखवलं: नऊच्या व्यासाचं भरीव वर्तुळ म्हणजे वरची ओळ पाचाची, मग सात, मग पाच ओळी नऊ-नऊच्या, परत सात, परत पाच. जवळून बघितलं तर पायऱ्या, लांबून बघितलं तर गोल. त्यावरून तो स्वतः मोठी वर्तुळं आखत गेला. कडेचा एक ठोकळा म्हणजे एक पाकळी, ते कोपऱ्याला कोपरा लावून मोजायचे. पंचविसाच्या व्यासाला अडुसष्ट भरले. सव्विसाच्या व्यासाला बरोबर बहात्तर. त्या संध्याकाळी घरात जेवायला कुणी वेळेवर बसलं नाही. कमळ खऱ्यापेक्षा फार मोठं झालं, त्यासाठी सगळी बसदीच फुगवावी लागली, पण पाकळ्या बहात्तर आहेत. कुणीही मोजून घ्यावं.

आता एक गोष्ट, जी आपल्या भागातल्या वाचकांना लगेच कळेल. पाट्यांची. त्या खेळात पाटीवर चार ओळी लिहिता येतात. नातवानं मराठीत लिहिल्या आणि अक्षरं फुटली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर, जोडाक्षरं सुटी, मात्रा भलतीकडे. ‘किल्ला’ हा शब्दच लिहिता येईना! मग त्यानं ‘गड’ लिहिलं. पोरगं आठवडाभर असे शब्द शोधत होतं ज्यात ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, मात्रा नाही. ‘गड वर.’ ‘वाट बघ.’ ‘मागचा दरवाजा.’ इंग्रजीत लिहून मोकळा हो, असं त्याला कुणीतरी सांगितलंही. तो म्हणाला, जासूद इंग्रजी कसा वाचेल? शेवटी उपाय त्याच्या दोस्तानं काढला. त्या खेळात भिंतीवर लावायची चित्रं असतात आणि ती चित्रं आपल्या पसंतीची घालता येतात. गोष्टीचा मजकूर मी बोरूनं कागदावर लिहिला, त्यांनी फोटो काढून चित्राच्या जागी बसवला. शेजारच्या चित्रात तोच मजकूर कानडीत, दोस्ताच्या आईच्या अक्षरात. आता आमच्या भुईकोटात प्रत्येक देवडीवर दोन कागद लावलेत. मराठी पोरानं मराठी वाचावं, कानडी पोरानं कानडी. लखोटा दोघांनीही पोचवायचा तो एकाच बसदीत.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र वेगळीच निघाली. दुसरा खेळत असताना गप्प बसणं. मॅप करणाऱ्यानं काही सांगायचं नाही असा त्यांचा नियम आहे, कारण उद्या हा मॅप कुणी खेळेल तेव्हा सांगायला आपण शेजारी नसणार. मी खंदकाच्या काठी चाळीस मिनिटं घालवली. पुलाकडं पाठ करून तेच तेच फिरत होतो. नातू मागं उभा, ओठ दातात धरून. एकदा त्याच्या तोंडून “आज्जा, उलटा...” एवढंच निसटलं आणि त्यानं तोंडावर हात ठेवला. रात्री मी सुचवलं, एक बाण काढून ठेव की तिथं. तो नको म्हणाला. त्याऐवजी त्यानं पुलाच्या टोकाला एक मशाल लावली आणि मी फिरत होतो त्या बाजूच्या दोन काढल्या. दुसऱ्या दिवशी आजी खेळली. तिला कुणी काही सांगितलं नाही. ती उजेडाकडं चालत गेली आणि पूल सापडला.

डोळ्यांचं, वेळेचं, अनोळखी माणसांशी बोलण्याचं काय, असं ते गृहस्थ विचारतील. रास्त आहे. आमच्याकडं रोज एक तास, मॅप घरच्याच जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद करून. परीक्षेत तेवढंही नाही.

माझी मागणी मंडळांकडं आहे. गेल्या वर्षी एका ठिकाणी ही दोन्ही पोरं लॅपटॉप घेऊन किल्ल्यांच्या स्पर्धेत गेली होती. न बघताच परत पाठवलं, वर चार शब्द ऐकवले. बक्षीस नको, गुण नकोत. मातीच्या किल्ल्यांची स्पर्धा मातीचीच राहू दे, मीच पहिला तसं म्हणेन. पण मांडवाच्या कडेला एक टेबल, एक खुर्ची आणि विजेचा एक पॉइंट द्या. ज्याला बघायचं तो बसेल. संयुक्त राष्ट्रांच्या, माणसांच्या वस्त्यांचं काम बघणाऱ्या संस्थेनं २०१२ पासून याच खेळात लोकांना आपल्या वस्तीतली मैदानं, बागा आखायला बसवलंय, सुरुवात नैरोबीच्या किबेरा वस्तीतून झाली. तिथं चालतं ते वडगावात टेबलभर जागेत चालायला हरकत नसावी.

यंदा आमच्या कट्ट्यावर दोन्ही असतील. माती आणून ठेवलीय, अळीव चार दिवस आधी पेरणार. लॅपटॉपवरच्या खंदकाचं थोडं काम उरलंय. बादलीभर पाणी तिथं सपाटीवर सातच ठोकळे वाहतं आणि वाहताना माणसाला ओढून नेतं, म्हणून सगळ्या खंदकात बादली-बादली ओतून पाणी स्थिर करत आणावं लागतंय. वसुबारसेपर्यंत होईल.

त्या पत्रलेखकांना माझं मनापासून बोलावणं आहे. दिवाळीत कुठल्याही संध्याकाळी यावं. आधी मातीचा किल्ला बघा, मग खुर्चीत बसून लखोटा पोचवा. मी मागं उभा राहीन, पण काही सांगणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
वडगाव, बेळगाव